पायपाच्या तोंडावरचा नारळ

५ जून, गुरुवार

आज सकाळी आंघोळ केली, देवाला दोन जास्वंदी वाहिल्या, चाळिशी पुसली आणि फॅक्टरीत जाऊन एका मुलीला 'नेतृत्वगुण' या रकान्यात पाचपैकी चार मार्क दिले. तिनं नेतृत्व कोणाचं केलं? मासेमारीबंदीच्या दिवसांत बर्फ फॅक्टरीत माणसं दोन — मी आणि बाबली. बाबलीचं नेतृत्व त्याच्या बायकोलाही जमलेलं नाही!

मुलगी संचिता, मिठबावची. आई मासे विकते, मुलगी एम.टेक. करते. कॉलेजनं नवीन पद्धत काढलीय — तीन दिवस वर्गात, तीन दिवस कारखान्यात. म्हणजे सोमवार ते बुधवार बर्फ कसा होतो ते ती फळ्यावर शिकते, आणि गुरुवार ते शनिवार इथे येऊन तो खरंच होतो का ते बघते. फॉर्मवर मी तिचा 'इंडस्ट्री मेंटॉर'. गावची शाळा, दहावी पास. 'पात्रता' समोर मी लिहिलं, 'पंचवीस वर्षे'. कॉलेजनं काही विचारलं नाही. रकाना भरला की त्यांचं पोट भरतं.

किरणशेठला ही कटकट नकोच होती. जानेवारीतच फॅक्टरीचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. "गुरुदास, तूच बघ ता. मेंटॉर-बिंटॉर काय तो तूच!"

७ जून, शनिवार

मुलीनं आज कॉम्प्रेसरला 'रेसिप्रोकेटिंग युनिट' अशी हाक मारली. कॉम्प्रेसरनं ओ दिली नाही.

१२ जून, गुरुवार

छपरावर गेली होती, पायप मोजायला. खाली येऊन विचारते, "काका, वर नारळ कसलो तो? तांबड्या फडक्यातलो?"

मग सांगावं लागलं. बावीस वर्षांपूर्वी एका पहाटे सांधा उडाला आणि बर्फ गोठवणारा अमोनिया गॅस आत भरला. सातजण होतो. सातही बाहेर आलो. डोळे आठ दिवस सुजलेले, पण आलो. थोरले शेठ तेव्हा होते. मी बंदर राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नवस बोललो — दर नारळी पौर्णिमेला फॅक्टरीचा एक नारळ तुझा. राखणदाराची जागा वर वडाखाली. तिथून त्याला दिसेल असं फॅक्टरीत उंच काय? तो पायप. त्याचं तोंड वर, उघडं. पावसाचं पाणी आत जायचं. सोललेला नारळ त्या तोंडावर असा बसला, जणू मापानं केला होता! वरून फडकं, होडीची नायलॉनची दोरी, चार वेढे. दरवर्षी त्या पुनवेला जुना उतरवून समुद्राला द्यायचा, नवा बांधायचा. देवाचंही काम झालं, पावसाचंही.

"पण काका, तो सेफ्टी वाल्वचो पायप ना? आत प्रेशर वाढला तर वाल्व उघडतलो आणि गॅस थयसून भायर जातलो."

"बावीस वर्सांत एकदा तरी उघडलो म्हणान आयकलंस?"

"नाय."

"मगे? तो राखता म्हणान."

 तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी बाबलीला म्हटलं, "एम.टेक. झाला तरी नारळ कळाक नाय रे!" दोघं पोट धरून हसलो.

२१ जून, शनिवार

फॉर्मचा नवा रकाना — 'या आठवड्यातील लर्निंग आउटकम'. मी लिहिलं, 'विद्यार्थिनी बाबलीच्या हातचा चहा पिऊन जिवंत राहिली.' मग खोडलं. 'उत्तम' लिहिलं.

तिनं मात्र या आठवड्यात सगळ्या फॅक्टरीच्या पायपांचा एक नकाशा काढला. पंचवीस वर्षं ज्या पायपांखालून मी वाकून जातो, ते एका कागदावर. कुठून निघतात, कुठे जातात, बोट फिरवलं की कळतं. एक पायप मला ठाऊकच नव्हता. मी म्हटलं, "ह्यो चुकलो तुझो." तिनं नेऊन दाखवला. होता.

त्या दिवशी जेवण बरं लागलं नाही.

५ जुलै, शनिवार

आज तिला वायर सापडली.

कॉम्प्रेसरला एक कटआउट असतो. दाब प्रमाणाबाहेर गेला की तो आपोआप मशीन बंद करतो. गेल्या वर्षी तो सारखा पडायचा. मशीन बंद, लाद्या मऊ, होडीवाले शिव्या देत उभे. किरणशेठ म्हणाला, "तेका बाजूक कर रे." मी त्याला वगळून वितभर वायर जोडली. दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून कटआउट भिंतीवर आहे, घड्याळ बंद पडूनही भिंतीवर असतं तसा.

"काका, ह्या कोणी केल्यान?"

"मी."

"शेठनी सांगल्यानी म्हणान?"

"हात माझे होते ना?" मी म्हटलं. पण असं म्हटलं, जणू हात असणं ही मोठी शौर्याची गोष्ट.

१७ जुलै, गुरुवार

कॉलेजचा फोन. मेंटॉरसाठी ऑनलाइन शिबिर! विषय — 'तरुण मनांना घडवताना'. दोन तास मोबाइल बर्फाच्या डब्यावर उभा करून ठेवला. शेवटी प्रमाणपत्र आलं. दहावीनंतरचं माझं पहिलंच. बायकोला, सुगंधाला, दाखवलं. म्हणाली, "घडवक शिकलास तर आधी माजघराची कडी घडवा." कडी चार महिने मोडलेली आहे.

२६ जुलै, शनिवार

राखणदारानं राखलं.

म्हणजे बाबली तसं म्हणाला, आणि मी 'होय' म्हटलं. पण इथे कोण वाचतंय? जे झालं ते लिहितो.

बंदी गुरुवारी उठते. बर्फाचा साठा व्हायला हवा म्हणून बुधवारपासून प्लांट पूर्ण जोरात. सकाळी साडेदहाला मी बाहेर बर्फ फोडायच्या क्रशरपाशी होतो. ती फोनवर 'येस सर, शुअर सर' कशी म्हणते त्याची नक्कल बाबलीला करून दाखवत होतो. आतून ती ओरडली — "काका! गेज बगा!"

काटा रोज एकशे नव्वदच्या आत असतो. दोनशे साठवर होता. दोनशे पन्नासला वाल्व उघडायला हवा. उघडलाही असेल बिचारा. पण वर नारळ; गॅस जाणार कुठे? उकळत्या टोपावर झाकण दाबून धरावं तसा आतल्या आत गुरगुरत होता, आणि खालच्या सांध्यातून गॅस सुस्कारे टाकत होता. डोळ्यांची आग. कटआउट? कटआउट भिंतीवर.

मी काय केलं? मी हात जोडले. छपराकडे बघितलं आणि हात जोडले! पंचवीस वर्षांचा ऑपरेटर!

ती ओढणी नाकाला लावून धावली आणि तांबडं बटण दाबलं. मशीन थांबलं. नंतर बघितलं तर पाण्याच्या पंपाच्या जाळीत पाला आणि एक प्लास्टिकची पिशवी. पाण्याशिवाय गॅस थंड कसा व्हायचा?

"भियां नको गो," मी तिला म्हटलं. बटण तिनं दाबलं होतं, आणि धीर मी देत होतो!

संध्याकाळी लॉगबुकात लिहिलं — 'साडेदहा वाजता प्रेशर १९०. सर्व ठीक.' हाताला सवय आहे त्या आकड्याची. लिहून झाल्यावर वर बघितलं तर ती दारात उभी. वही छातीशी धरलेली.

२७ जुलै, रविवार

काही लिहायचं नाही.

३१ जुलै, गुरुवार

तिचा शेवटचा रिपोर्ट. बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. मेंटॉरनं प्रत्येक पानावर सही आणि शिक्का मारायचा. पान एक्केचाळीस तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. कटआउटला वायर. वाल्वच्या पायपावर नारळ, फोटोसकट. २६ जुलै, साडेदहा, प्रेशर २६०. उपायही लिहिलाय: वायर काढा, पायपाला खाली वळणारा बाक लावा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही आणि तोंड मोकळं राहील.

मग हळू आवाजात, "तुमच्या वहीत १९० आसा, काका."

"चष्मो नाय होतो तेव्हा."

चष्मा तेव्हाही नाकावर होता, आताही नाकावर होता.

तेवढ्यात किरणशेठ आला. रिपोर्ट वाचत नाही तो, फोटो बघतो. एक्केचाळीसवर थांबला. "ह्या काय? देवाचो नारळ रिपोर्टात? गो चेडवा, लोकांच्या भावना आसत की नाय? उद्या गाव माझ्या दारात येवन उभो रवात!"

हा माणूस राखणदाराच्या वडाखालून रोज जीप नेतो. हात जोडणं सोडा, गाडीतलं गाणंही बारीक करत नाही. आज एकदम भावना!

"ता पान काढ. नायतर शिक्को मारूचो नाय."

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, हे तो जानेवारीतच विसरला.

घरी जेवताना लक्षात आलं — नारळावर तो पाव तास बोलला. वायरीवर एक शब्द नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

कॉलेजचे सर आले! गाडीतून उतरल्या उतरल्या, "इथे पापलेट चांगलं कुठे मिळतं?" मग बाबलीनं बॅनर धरला — 'शिक्षण आणि उद्योग, हातात हात'. फोटोत एका बाजूला सर, एका बाजूला शेठ, मध्ये मी. बाबलीचा फक्त हात आलाय. बॅनरवर लिहिलं होतं त्याप्रमाणे.

सरांनी एक्केचाळीसवं पान उभ्या उभ्या वाचलं. "मेंटॉरसाहेब, विषय संवेदनशील आहे. श्रद्धेचा आहे. टेक्निकल व्हॅल्यू तशी फारशी नाही."

"आणि वायर?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"ती कंपनीची अंतर्गत बाब." मग मुलीकडे वळून, "संचिता, आठ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत सही-शिक्क्याचा रिपोर्ट जमा नाही झाला तर वर्ष गेलं. एका पानासाठी वर्ष घालवायचं का, तू ठरव."

"हो सर," ती म्हणाली.

अगदी बाबली शेठला म्हणतो तसं. सात महिने इथे येऊन काही शिकली नाही असं कोण म्हणेल!

पापलेट मिळालं त्यांना. तळलेलं.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. देवळात गेलो. गाभाऱ्यात एकजण कौल लावत होता. देवाच्या अंगावर पाण्यानं कळ्या चिकटवलेल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुलीच्या स्थळाचं विचारत होता. उजवी पडली. त्याचा चेहरा बघून बरं वाटलं.

गुरव म्हणाला, "गुरुदास, तुझा काय विचारूचा आसा?"

मी उभा राहिलो. काय विचारू? 'देवा, खोट्यावर सही करू का?' हा काय देवाला विचारायचा प्रश्न? उत्तर ठाऊक असताना कळी चिकटवायची, आणि डावीउजवीचा दोष देवावर टाकायचा! बावीस वर्षं मी त्या वडाखालच्याला पायपाचं झाकण करून ठेवलं. आता शेठ त्यालाच वायरीचं झाकण करतोय. आणि शेठला हे शिकवलं कोणी? मेंटॉर मीच ना!

"काय नाय," म्हटलं. नमस्कार केला. 

६ ऑगस्ट, बुधवार

सुगंधाला सगळं सांगितलं. १९० चंही. ती मासे साफ करत होती. मान वर केली नाही.

"तो नारळ वर राखणदारान बांधलो?"

"नाय, मी."

"वायर राखणदारान जोडली?"

"नाय."

"मगे तेका कित्याक बोलावतास मदी? तो बिचारो वडाखाली बसलो आसा. चढलास तुमी, उतरा तुमी."

मी म्हटलं, नवस आहे. नारळ काढला आणि काही झालं तर?

"नारळ देवक सांगितलास काय पायपाक बूच मारूक? नारळ द्या की! समुद्र खंय पळान गेलो?"

मग सुरी धुऊन ठेवली आणि म्हणाली, "नोकरी जायत. तीय बोला ना. तेचीच भीती आसा तुमका, देवाची नाय."

बायको दहावीही पास नाही. हिला कोणी मेंटॉर केलं?

७ ऑगस्ट, गुरुवार

ती सकाळीच आली. पिशवीत दोन रिपोर्ट. एक एक्केचाळीस पानांचा, एक बेचाळीस.

"काका, दोनय प्रिंट काढलंय. माझ्यात दम नाय. तुमी सही करशात तो देतलंय."

"माझ्यावर टाकतंस काय गो?"

"तुमीच मेंटॉर ना?" म्हणाली आणि हसली. हसताना डोळे भरले. "आई म्हणता, एक पान गेला तर काय होता? खरां आसा तां. काय होता? पण काका, त्या दिवशी बटण दाबूक गेलंय तेव्हा पायाखाली फरशी हलत होती. ता मी खंय लिवू?"

मी दोन्ही रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवले. शिक्क्याशेजारी. म्हटलं, "चाळिशी घरी ऱ्हवली. उद्या सकाळी सातला ये. अकराच्या गाडीन कॉलेजात जा."

चाळिशी खिशात होती. तिला दिसत होती.

दुपारी शेठ नारळ घेऊन आला. स्वतः! शेंडीवाला, हळद-कुंकू लावलेला, माझ्या टेबलावर ठेवला. उद्या पुनवेचा नारळ यंदा तो बांधणार. नऊ वाजता फोटोवाला. फेसबुकवर टाकणार — 'परंपरा जपणारा उद्योग'. "गुरुदास, शिडी नीट धर हां. आणि त्या चेडवाचो रिपोर्ट?"

"सकाळी करतंय."

"एक्केचाळीस पानी ना?"

"आकडो माझ्या लक्षात आसा, शेठ."

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

उजाडताच छपरावर चढलो. दोरी सुटेना, कोयतीनं कापली. नारळ उचलला. पायपानं मोठा श्वास घ्यावा तसं काहीसं वाटलं. पण ते माझंही असेल.

खाली येऊन प्लांट बंद केला. वायर काढली. पुन्हा चालू केला. कटआउट तीनदा पडला. तिन्ही वेळा थांबलो, जाळी धुतली, पुन्हा चालू केला. बंदरावर होडीवाले ओरडत होते. संचिताची आई टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे. "गुरुदासानू, बर्फ खंय?" म्हटलं, "आज उशीर जातलो, रसिका. उद्याय जायत."

बेचाळीस पानं. बेचाळीस सह्या, बेचाळीस शिक्के. 'नेतृत्वगुण' — पाचपैकी पाच. मुलगी अकराच्या गाडीसाठी साडेआठलाच निघाली. जाताना पाया पडली. मला आवडलं नाही. उलट व्हायला हवं होतं.

जुना नारळ समुद्राला दिला. शेठचा नवाही दिला, गाऱ्हाणं घालून — हा तुझा, पायप आमचा, होय म्हाराजा.

नऊला शेठ आणि फोटोवाला आले. टेबलावर नारळाच्या जागी ती वितभर वायर ठेवली होती. शेठ काय काय बोलला ते लिहीत नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच शेवटी होतं.

निघण्याआधी लॉगबुक उघडलं. २६ जुलै. १९० वर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी २६० लिहिलं. 'तेव्हा खोटे लिहिले' एवढंच पुढे. सही केली, पूर्ण नावानं.